थरथरीचा पत्ता

गिअरबॉक्स उतरवून क्लच नवा टाकला. पेडल लोण्यासारखं मऊ झालं. गाडी घेऊन निघालो आणि नाशिकच्या मुंबई नाक्यावरच्या गर्दीत थांबलो, तर स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. आरसा असा थरथरत होता की मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसत होत्या. तसाच गॅरेजला परत गेलो. मेकॅनिकने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "नवीन प्लेट आहे सर, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, बसंल आपोआप."

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. नव्या क्लच प्लेटचं अस्तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीच्या, पृष्ठभागाशी जुळायला काही दिवस घेतं हे खरंच. पण तो त्रास जाणवतो गाडी उठवताना, प्लेट घसरत घसरत पकडते तेव्हा. उभ्या गाडीत पेडलवरून पाय काढलेला असताना प्लेट फ्लायव्हील आणि तिला त्याच्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्यात घट्ट दाबलेली असते. घसरणंच नाही, तर बसायचं काय?

दुसरा मोह याच्या उलटा. थरथर क्लचनंतर आली, म्हणजे क्लचमुळेच आली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, असंही असू शकतं. शिवाय क्लच बदलायचा म्हणजे काय काय सुटतं ते बघा: चाकं फिरवणारे दोन्ही दांडे, म्हणजे एक्सल, निघतात, गिअरबॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे तो ज्या रबरी टेकूवर बसतो ते, सुटतं, इंजिन जॅकवर टांगलं जातं, काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप आणि खालची फ्रेमही उतरते. यातलं काहीही परत बसताना वाकडं बसू शकतं. क्लच प्लेट ही संशयितांपैकी फक्त एक.

तर पत्ता शोधायचा कसा? गाडीत फिरणाऱ्या भागांची तीन कुटुंबं आहेत. पहिलं इंजिनच्या वेगाने फिरणारं: क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा), फ्लायव्हील आणि त्याला बोल्टने जखडलेली प्रेशर प्लेट. दुसरं क्लच प्लेटचं, तिच्यासोबत गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट. तिसरं एक्सल आणि चाकांचं. क्लच पेडल पहिल्या दोघांचा संबंध तोडतं, गिअरचा दांडा दुसऱ्या-तिसऱ्यांचा. म्हणजे निदानाचं सगळ्यात चांगलं हत्यार गाडीत आधीच बसवलेलं असतं आणि आपण रोज त्यावर पाय देतो.

गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. थरथर आहे? आता पेडल पूर्ण दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. प्लेट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट हळूहळू थांबतात, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मात्र फिरतच राहतात. थरथर किंवा खडखड गेली, तर पत्ता दुसऱ्या कुटुंबात. जशीच्या तशी राहिली, तर प्लेट निर्दोष सुटली. मग उरतात इंजिन, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि हे सगळं ज्यांच्यावर टेकलेलं आहे ते रबराचे फाउंडेशन.

माझ्या गाडीत काहीच फरक पडला नाही.

पुढची चाचणी रेसची. फिरणाऱ्या वस्तूचं वजन एका बाजूला थोडं जास्त असेल, तर ती बाजू बाहेर ओढ घेते. गोफण गरगर फिरवताना हाताला लागते तीच ओढ. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. प्रेशर प्लेटवर केंद्रापासून 12 सेंटीमीटरवर 20 ग्रॅमचा फरक राहिला असं समजा. मिनिटाला 1,500 फेऱ्यांना तो साधारण 6 किलो वजनाइतका जोर लावतो. 3,000 फेऱ्यांना तोच 24 किलो, आणि हा जोर सेकंदाला 50 वेळा दिशा बदलत गोल फिरतो. म्हणून प्रेशर प्लेट ज्या खुंट्यांवर नेमकी बसते त्या हरवून चालत नाही, आणि फ्लायव्हील काढताना क्रँकवर जुळणीची खूण करणारा मेकॅनिक मला आवडतो. असमतोल असेल तर रेस दिल्यावर थरथर वाढत जाते. माझ्या गाडीत उलटं होत होतं. रेस दिली की थरथर विरत होती, रेस सोडून इंजिन स्लोवर आलं की पुन्हा हजर.

हे फाउंडेशनचं लक्षण. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात, म्हणजे स्लोला मिनिटाला 800 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला जवळजवळ 27 धक्के. ते आजारपण नव्हे, इंजिनचा स्वभावच तो. ते आपल्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मधे मऊ रबर ठेवलेलं असतं. गिअरबॉक्स चढवताना इंजिन थोडं तिरकं राहिलं आणि तसेच बोल्ट आवळले, तर रबर कायमचं ताणलेलं किंवा दाबलेलं राहतं. ताणलेलं रबर कडक होतं आणि धक्का गिळण्याऐवजी पुढे ढकलतं. सायलेन्सरचा पाइप कुठे पत्र्याला टेकत असेल तरी हाच प्रकार होतो, तोही एकदा वाकून बघावा.

खात्री करायला मोबाइल उपयोगी पडतो. मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा बारीक सेन्सर असतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप त्याची नोंद घेऊन त्यातल्या कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते आकडे, वेगळ्या काढून दाखवतं. गुंतागुंतीची लाट साध्या लाटांमध्ये उलगडायची ही युक्ती फूरिये या फ्रेंच गणितज्ञाची. 1822 मध्ये त्याने उष्णतेवरच्या अभ्यासात ती मांडली, तेव्हा तिच्यावर कुणी गाडीचं फाउंडेशन तपासेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. इंजिन 800 फेऱ्यांवर असताना आलेखात 13 जवळ टोक दिसलं, तर फेरीला एक धक्का: असमतोल. 27 जवळ दिसलं, तर ते स्फोटांचे धक्के, जे रबराने अडवायला हवे होते. 7 च्या आसपास दिसलं, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे नीट पेटत नाही, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. तीन सिलिंडरच्या गाडीत मात्र हिशेब बदलतो, तिथे स्फोटांचा आकडा 20 येतो. माझ्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या मोबाइलने 27 च्या जवळ सुळका दाखवला.

आता गाडी उठवतानाच्या हादऱ्याविषयी, कारण क्लच बदलल्यावर बहुतेकांची तक्रार तीच असते. जुनं नाशिक नऊ टेकांवर वसलेलं आहे असं म्हणतात. तिथल्या चढाच्या अरुंद गल्लीत, पुढे हातगाडी आणि मागे स्कूटर, अशा वेळी हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की हा हादरा हमखास भेटतो. गाडी सरळ उठत नाही, उड्या मारत उठते. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तार गजाला चिकटते, ओढली जाते, सुटते, परत चिकटते. क्लचमध्येही तेच होतं, फक्त सूर फार खालचा, सेकंदाला दहा-पंधरा हेलकावे. चांगल्या अस्तराचं घर्षण घसरण्याचा वेग बदलला तरी फारसं बदलत नाही. अस्तरावर तेल किंवा ग्रीस लागलं, तर घसरण मंदावताना घर्षण एकदम वाढतं. प्लेट पकडते, एक्सल पीळ खाऊन ताणतात, प्लेट सुटते, पीळ उलगडतो, आणि प्रत्येक हेलकावा पुढच्याला जोर देतो.

हे ग्रीस येतं कुठून? बहुतेकदा मेकॅनिकच्या बोटावरून. प्लेटच्या दात्यांना ग्रीस चिमूटभर लागतं. जास्त लावलं तर फिरताना ते उडून अस्तरावर जातं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो, तो पुसायला विसरतात. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असताना क्लच नवा टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

दुसरं कारण फ्लायव्हील. जुन्या क्लचने ते तापवून काळे-निळे डाग पाडलेले असतात, आणि डागाच्या जागी लोखंड कडक होऊन घर्षण बदलतं. पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका वाकडा फिरला तरी पाय ते ओळखतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात असा बारीक वाकडेपणा मोजणारं डायल गेज असलेला टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. तरी फेसिंगचे, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट करून घेण्याचे, पैसे वाचवून महागडा क्लच जुन्या फ्लायव्हीलवर चढवणारे पुष्कळ आहेत. स्प्रिंगा पोटात असलेलं दोन तुकड्यांचं फ्लायव्हील असेल, तर मात्र ते लेथवर घालू नये. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटच्या मधल्या भागावर लटकलं, तरी प्लेट वाकते. मग कितीही चालवा, ती बसत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. पेडल पूर्ण सोडल्यावर हा हादरा थांबलाच पाहिजे. गाडी धावत असतानाही राहिला, तर तो क्लचचा हादरा नव्हे. तिथे रस्त्यावरची चाचणी: मोकळ्या सरळ रस्त्यावर 60 च्या वेगाने आधी चौथ्यात, मग तिसऱ्यात चालवा. चाकं तेवढीच फिरतात, इंजिन जास्त. थरथर गिअरनुसार बदलली तर इंजिनकडे बघा, बदलली नाही तर चाकं आणि एक्सलकडे. धावत्या गाडीत क्लच दाबून बघण्यात एक गोम आहे. गाडी गिअरमध्ये असेल, तर दाबलेल्या क्लचची प्लेट थांबत नाही, चाकांसोबत फिरत राहते. प्लेटची परीक्षा उभ्या गाडीतच. आणि कसारा घाटात उतारावर यातलं काहीही करू नये, तिथे गाडी गिअरमध्येच हवी.

मी मोबाइलवरचा आलेख मेकॅनिकला दाखवला. त्याने तो बघितला नाही, पण फाउंडेशनचे बोल्ट ढिले करायला तयार झाला. बोल्ट सैल झाल्यावर इंजिन स्लोवर मिनिटभर चालू ठेवलं. ते जेमतेम चार-पाच मिलिमीटर सरकून आपल्या जागी आलं. मग इंजिन बंद करून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळले. वीस मिनिटांचं काम, आणि स्टिअरिंग शांत. सकाळच्या पहिल्या चढाला येणारा हलका हादरा मात्र आणखी तीनेक आठवडे टिकला आणि मग गेला. तेवढ्यापुरतं मेकॅनिकचं बरोबर होतं.