नॉर्वेचे धबधबे आणि हिवाळी किनारा फोटोत कसे आले

नॉर्वेतल्या धबधब्याचा फोटो म्हटलं की काळ्या कातळावरून उतरणारं, धुक्यासारखं मऊ पाणी डोळ्यांपुढे येतं. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांचा म्हटलं की बर्फाळ सुळक्यांच्या पायथ्याशी कोळ्यांची लाल लाकडी घरं. पण या दोन प्रतिमा एका वेळी जन्मल्या नाहीत. धबधब्यांचे फोटो १८६० च्या दशकातच विकले जाऊ लागले होते. हिवाळी किनाऱ्याला मात्र कमी वेळात फोटो टिपणाऱ्या काचेच्या प्लेट, वर्षभर चालणाऱ्या बोटी आणि पुढे रस्ते यांची वाट पाहावी लागली.

कॅमेऱ्याआधी चित्रकार पोचले होते. बर्गनमध्ये जन्मलेला आणि ड्रेसडेनमध्ये स्थायिक झालेला योहान क्रिस्टियान डाल १८२६ मध्ये मायदेशी फिरून गेला आणि पुढच्या वर्षी त्यानं लाब्रोफॉसेन धबधबा रंगवला. पेडर बाल्के १८३२ मध्ये थेट उत्तर टोकापर्यंत गेला. कुठे उभं राहायचं, काय बघायचं, हे या मंडळींनी बरंचसं ठरवून ठेवलं होतं.

मग आला क्नुड क्नुडसेन. हार्डांगर भागातल्या ओड्डाचा हा माणूस १८६४ मध्ये बर्गनला स्टुडिओ थाटून बसला, पण त्याचं खरं काम स्टुडिओबाहेरचं. तेव्हाची पद्धत ओल्या कलोडियनची, म्हणजे एका चिकट रासायनिक द्रवाची. काच स्वच्छ करायची, तिच्यावर कलोडियनचा थर ओतायचा, अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत तंबूत परतून ती धुवायची. सगळं मिळून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत. हे सारं सामान डोंगरात वाहून न्यायचं, आणि धबधब्याचे तुषार भिंगावर बसणार ते वेगळंच.

या प्लेटला प्रकाश मिळायला काही सेकंद लागत. तेवढ्यात पाणी कितीतरी खाली गेलेलं असे, म्हणून ते काचेवर सलग पांढरं उमटे. शिवाय कलोडियनला निळा प्रकाश दिसे, हिरवा जवळपास दिसतच नसे. त्यामुळे सूचिपर्णी झाडी काळीभोर, आकाश कोरं आणि मधली धार लख्ख पांढरी. आज आपण भिंगावर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून मुद्दाम जे मिळवतो, ते क्नुडसेनला टाळता येत नव्हतं. मला त्याचे फोटो आजच्यापेक्षा जास्त भावतात, कारण त्यांत पाण्याभोवतीचा कातळ आणि वाटही तितक्याच कसोशीनं टिपलेली असते.

या फोटोंना गिऱ्हाईक होतं ते उन्हाळी पर्यटकांचं. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळपास दरवर्षी इकडे येऊ लागला आणि फ्योर्डची, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांची, सफर हा युरोपातल्या श्रीमंतांचा शिरस्ताच झाला. उन्हाळा त्यांना सोयीचा आणि धबधब्यांनाही, कारण बर्फ वितळून नद्या भरतात त्या मे-जूनमध्ये.

पण हेच पाणी कारखान्यांनाही हवं होतं. १०४ मीटर उंचीच्या रियूकानफॉसेन धबधब्याचं पाणी १९११ मध्ये वेमोर्कच्या वीजकेंद्राकडे वळलं. ते केंद्र तेव्हा जगातलं सर्वांत मोठं होतं. क्नुडसेनच्या गावाजवळचा शेग्गेडाल धबधबाही टिसेडालच्या वीजप्रकल्पात गेला. त्याचं मूळ रूप आता जुन्या चित्रांत आणि काचांवरच उरलंय, म्हणून मला क्नुडसेनचा संग्रह नुसता देखणा वाटत नाही, तो पुरावा वाटतो. १९७० मध्ये मार्डाल धबधबा वीजप्रकल्पापासून वाचवायला लोकांनी रस्ता अडवून धरला, त्यांत तत्त्वज्ञ आर्ने नेसही होता. पोलिसांनी आंदोलकांना उचलून नेलं आणि प्रकल्प झालाच. वोरिंग्सफॉसेन धबधब्याला १ जून ते १५ सप्टेंबर सेकंदाला किमान १२ घनमीटर पाणी सोडण्याची अट आहे. म्हणजे तिथला भरलेला धबधबा आज पर्यटन हंगामाच्या वेळापत्रकाप्रमाणे वाहतो. ओड्डाजवळचा जोडधारांचा लाटेफॉसेन मात्र १९७३ मध्ये ते नदीखोरं संरक्षित झाल्यामुळे वाचला. दगडी कमानींच्या पुलावरून जाताना त्याचे तुषार आजही गाडीच्या काचेवर येतात.

किनाऱ्याची गोष्ट निराळी. लोफोटेनमध्ये खरी वर्दळ जानेवारी ते एप्रिल, कॉड मासा अंडी घालायला येतो तेव्हा. पण डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही, नंतरही उजेड कमीच. हलत्या बोटीवर मंद प्लेटचा काय निभाव लागणार? त्या हिवाळी मासेमारीला न्याय दिला तो आधी लोफोटेनमधल्या स्वोल्वेरच्याच गुन्नार बेर्ग या चित्रकारानं. आधीच तयार मिळणाऱ्या वेगवान कोरड्या प्लेट आल्या, २ जुलै १८९३ ला किनाऱ्यालगत जाणारी हुर्टिग्रुटेनची बोटसेवा सुरू झाली आणि मग हा किनारा छायाचित्रकारांच्या आवाक्यात आला. अमेरिकेतून १९०० मध्ये परतलेल्या आन्डर्स बेर विल्से या छायाचित्रकारानं मासेमारीचे फोटो काढले ते या नव्या सोयींच्या काळात.

२००७ च्या डिसेंबरात मुख्य भूमीपासून लोफोटेनपर्यंत फेरीबोटीशिवाय, रस्त्यानं जाता येऊ लागलं. कमी उजेडातही चालणारे डिजिटल सेन्सर त्याच सुमारास हातात आले. उबदार सागरी प्रवाहामुळे पाणी गोठत नाही, म्हणून पांढऱ्या डोंगराखाली समुद्र गडद राहतो. फेब्रुवारीत सूर्य क्षितिजालगतच फिरतो आणि मऊ प्रकाश तासन्‌तास टिकतो. लोफोटेनमधल्या हामनॉय गावच्या पुलावर त्या दिवसांत ट्रायपॉडची रांग लागते ती यासाठीच. पण त्या लाल घरांमागची लाकडी मांडव बहुतेक चौकटींच्या बाहेरच राहतात. दोन-दोन कॉड शेपटीला बांधून तिथे थंड वाऱ्यावर वाळत टाकलेले असतात. कोळी आले, घरं उभी राहिली ती या माशांसाठी, आणि हंगामात तो मांडव पुलापासून फार लांब नसतो.