युरोपियम रंजक: जिवाणू रंगवण्याआधी हे वाचा

माती किंवा गाळाचा नमुना फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली घेतला की जिवाणूंबरोबर वनस्पतींचे तंतू आणि ह्युमसही चमकू लागतात. मोजायचे काय आणि सोडायचे काय, तेच कळत नाही. आमचे युरोपियम रंजक खास अशा नमुन्यांसाठी आहे.

युरोपियम हे दुर्मिळ मृदा गटातले मूलद्रव्य. त्याचा आयन एकटा असताना प्रकाश फारच कमी शोषतो, म्हणून त्याच्याभोवती सेंद्रिय रेणू बांधून चीलेट बनवतात. हे रेणू अतिनील प्रकाश शोषून ऊर्जा युरोपियमला देतात आणि युरोपियम ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, अगदी अरुंद पट्ट्यात, लाल उजळतो. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी वापरलात तर टाकलेला आणि बाहेर पडणारा अशा दोन्ही प्रकाशांत सुमारे २५० नॅनोमीटरचे अंतर पडते, त्यामुळे फिल्टरने ते वेगळे करणे सोपे जाते.

पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याच्या चमकेचा टिकाऊपणा. नमुन्याची स्वतःची चमक बहुतांशी काही नॅनोसेकंदांत विझते. युरोपियमची शेकडो मायक्रोसेकंद राहते. झोत बंद झाल्यावर सुमारे १०० मायक्रोसेकंद थांबून चित्र घेतले, की काळ्या पार्श्वभूमीवर लाल जिवाणू उठून दिसतात. यासाठी स्पंदित (चालू-बंद होणारा) प्रकाशस्रोत आणि टाइम-गेटेड कॅमेरा, म्हणजे ठरलेल्या क्षणानंतरच प्रकाश टिपणारा कॅमेरा, हवा. नेहमीच्या मायक्रोस्कोपवर हा लाभ मिळत नाही, फक्त फिल्टरची निवड सोपी होते. खरेदीआधी याचा विचार जरूर करा.

रंग नीट चढला नाही तर आधी बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) तपासा. फॉस्फेटमुळे युरोपियमचा साका बसतो, ईडीटीए (धातूंचे आयन घट्ट पकडणारे रसायन) त्याला चीलेटमधून ओढून काढते. नमुना पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये) असेल तर तो ट्रिस बफरने नीट धुऊन घ्या. पाण्याचे रेणू दीप्ती मंदावतात, म्हणून रंगवलेली स्लाइड पूर्ण वाळवा आणि स्वतः न चमकणाऱ्या इमर्शन तेलात पाहा. जिवाणू नसलेली एक स्लाइडही दर वेळी सोबत रंगवा. चीलेटचे सुटे कण जिवाणूंसारखेच लाल ठिपके दिसतात आणि मोजणी फुगवतात.

या रंजकावरून जिवाणूची जात ओळखता येत नाही. बीजाणू शोधायचे असतील तर युरोपियमऐवजी टर्बियम मागवा: बीजाणूंमधून बाहेर पडलेल्या डायपिकोलिनिक आम्लाशी ते जोडले जाते आणि ५४५ नॅनोमीटरला हिरवे उजळते. त्याला २७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो, तो साध्या काचेतून जात नाही. क्वार्ट्झची क्युव्हेट (द्रव नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) वापरा.

रंजक किरणोत्सर्गी आहे का, असे बरेच जण विचारतात. नाही. काळजी घ्यायची ती अतिनील प्रकाशाची: संरक्षक चष्म्याशिवाय झोताकडे पाहू नका.