लोक जैवविविधता नोंदवही : मुदतीआधीची आणि मुदतीनंतरची

गावच्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद ठेवणारी ही वही २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणली, असे सर्रास सांगितले जाते. पण नव्वदच्या दशकातच काही शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते गावकऱ्यांसोबत बसून अशा नोंदी करत होते. १९९९ पासून राष्ट्रीय जैवविविधता आराखड्यासाठीही देशभर स्थानिक बैठका झाल्या. त्यातून आलेला मसुदा सरकारने स्वीकारला नाही; २००८ मध्ये वेगळाच आराखडा मंजूर झाला. दरम्यान २००४ च्या नियमांनी ही वही तयार करणे हे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मुख्य काम ठरवले, तरी बहुतेक ग्रामपंचायतींत पुढे कित्येक वर्षे समितीच नव्हती.

२०१६ मध्ये हे प्रकरण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये आदेश निघाला : ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व समित्या आणि वह्या पूर्ण करा, नाहीतर प्रत्येक राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. वाद आहे तो या मुदतीवर. दट्ट्या नसता तर काहीच हलले नसते, हे खरेच. पण ऑगस्ट ते जानेवारी या काळात उन्हाळा येतच नाही. करवंदे, मोहाची वेचणी, आटत्या डोहांतली मासेमारी, मृगाच्या पावसात चढणीला लागणारे मासे हे सारे त्या महिन्यांबाहेरचे. धनगर, भोई, कातकरी यांना ठाऊक असलेले त्या त्या हंगामातच त्यांच्यासोबत हिंडून कळते. त्याऐवजी अनेक ठिकाणी काम बाहेरच्या संस्थांना दिले गेले आणि शेजारच्या गावांच्या वह्यांत त्याच याद्या उतरल्याच्या तक्रारी आल्या. देशभरच्या वह्यांचा आकडा मात्र अडीच लाखांवर गेला. हे यश मानणे मला पटत नाही.

कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. औषधांच्या कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतल्या ज्ञानाला तिने लाभवाटपातून, म्हणजे नफ्याचा वाटा स्थानिकांना देण्याच्या बंधनातून, सूट दिली. आता ज्ञानाच्या बाबतीत लाभवाटपाचा हक्क मुख्यतः उरतो तो ग्रंथाबाहेरच्या, तोंडी चालत आलेल्या ज्ञानावर. एखादे औषध आपल्या गावच्या माहितीवरून बनले, हे वैदूने दाखवायचे तर त्याच्यापाशी लेखी आधार म्हणून बहुधा ही वहीच असते. आणि घाईत भरलेल्या वहीसाठी त्याला कुणी काही विचारलेलेच नसते.