पाटा चढवलेली फियाट

शहरात जुनी गाडी मॉडिफाय करायची म्हटली की पोरं ती आधी खाली बसवतात. कोकणात ती वर उचलतात. मागच्या स्प्रिंगला एखादा जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, घालायचा, की झालं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत ओहोटीच्या वेळी चढताना पोट घासू नये आणि डांबरी सोडून वाडीकडे उतरताना वर आलेला जांभा सायलेन्सरला लागू नये, एवढाच त्यामागचा हिशोब. रंग, व्हील, हेडलाइटच्या टोप्या हे शौक नंतरचे. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून फिरणाऱ्या जुन्या फियाटकडे बघून ‘ही ओरिजिनल नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तिचा इतिहास सांगावासा वाटतो.

वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या डॉज-प्लिमथ जोडल्या जात. इटलीच्या फियाट कंपनीशी जम बसला तो पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या असतील तर इथे थांबू नका, इथेच घडवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, फियाट ११०० मात्र राहिली. जुन्या गोलसर ११०० ला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि ते प्रेमानेच. १९६४ मध्ये ११००डी आली. इटलीत हे मॉडेल १९६६ सालीच बंद झालं, कुर्ल्यात ते पुढे तीसेक वर्षं निघत राहिलं. करार संपल्यावर १९७३-७४ च्या सुमारास ती आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. एवढ्या काळात कारखान्यानेच तिच्यात किती बदल केले! डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, गिअर पुढे खाली फ्लोअरवर आला. मग ओरिजिनल नेमकी कुठल्या सालची धरायची?

कोकणात ती आली मुंबईमार्गे, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाती. गणपतीला चाकरमानी घेऊन यायचा, आणि एखाद्या वर्षी ती गावच्या पडवीतच राहायची. इथे तिचे दोन वैरी होते. पहिला घाट. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. उन्हाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावरचा कशेडी घाट चढताना तो इतका तापायचा, की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. ‘एअर धरली’ म्हणायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बिडी संपेपर्यंत थांबायचं. आता कशेडीला बोगदा आहे, पण तेव्हाच्या या थांब्यांतूनच इलेक्ट्रिक पंपाची कल्पना घरोघरी पोचली.

दुसरा वैरी गंज, तो जास्त वाईट. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार सोसतो. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. दाराखालच्या पट्ट्या (सिल) आणि पायाखालचा पत्रा आतून सडतो, वरून रंग मात्र झकास. होडीला जसं काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात तसं मृगाआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायचं, हा इथला जुना उपाय. तरीही पाच-सात वर्षांत डेंटरकडे जावंच लागतं. चांगला डेंटर कुजका भाग कापून नवा पत्रा जोडतो, वाईट डेंटर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देतो. अशी एक गाडी आमच्या दारात होती. पहिल्याच पावसात लांबीचा पापुद्रा सुटला आणि पायाखाली रस्ता दिसू लागला.

इंजिनाची कथा वेगळी. १९८५ मध्ये प्रीमियरचीच ११८एनई ही नवी गाडी आली, निसानचं ११७१ सीसी इंजिन आणि फ्लोअर गिअर घेऊन. पुढे त्या गाड्या भंगारात जाऊ लागल्या, तशी त्यांची इंजिनं पद्मिनीत बसू लागली. घाट चढायला बरं, आणि घरचंच माणूस. माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून यायचा. मोठं काम असलं तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचं, कारण लेथवर हवा तो तुकडा घडवून देणारे कारागीर तिथे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर सुट्या भागांना तोटा नव्हता. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला झाली. २० वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता साधं दाराचं रबर मिळवायलाही चार फोन करावे लागतात.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद होते, पण जादा पाट्याचं आणि पाहुण्या इंजिनाचं काय? २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी ५० वर्षांवरची हवी, चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, नंबरात ‘व्हीए’ येणार, आणि रोज फिरवायची नाही. म्हणजे ज्या फियाटी वापरूनच जगल्या, त्यांनाच ही सोय नाही. माझ्या मते हा नियम संग्रहातल्या गाड्यांकडे बघून केलाय, रोज मच्छी आणायला जाणाऱ्या गाडीकडे बघून नव्हे.

उरतं ते दर पाच वर्षांनी रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली. तपासणीला साहेब चॅसी नंबर बघतात, आणि तो पत्र्यावरच ठोकलेला असतो. खाऱ्या हवेने तोच खाल्ला तर गाडीची ओळखच पुसली जायची. म्हणून इथले जाणते मालक बोनेट उघडलं की ऑइल बघण्याआधी त्या नंबरावर बोटभर ग्रीस फासतात.