‘ए’ची खिडकी की ‘एफ’ची? आधी दिशा बघा

‘देखावा बघायचा तर विमानात कायम ‘ए’चीच खिडकी घ्या’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. एखाद्या प्रवासात तो खरा ठरतो, म्हणून पटतोही.

कोल्हापूर-मुंबईचंच घ्या. ‘ए’ म्हणजे पुढं तोंड करून बसल्यावर डावी बाजू. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाहून, मुंबई वायव्येला, त्यामुळं सह्याद्रीचे कडे आणि कोकणाकडची बाजू साधारण डावीकडं. पावसाळा सरताना ते हिरवे कडे डोळे भरून बघावेत! पण परतताना तेच डोंगर उजवीकडं, म्हणजे साधारण ‘एफ’च्या बाजूला जातात.

घरीच ताडून बघा. नकाशावर दोन गावांमध्ये दोरा धरा, बोट जायच्या दिशेनं सरकवा. डोंगर कुठल्या हाताला येतो ते लगेच कळतं. सकाळी मुंबईला जाताना ऊन उजवीकडून येतं, हेही धरा. आणि पंख खिडकीच्या खाली येत असेल, तर बाजू बरोबर असूनही खाली पत्राच दिसतो.