टीम इंडिया ‘सरकारी’ नाही

सामना हरला की कट्ट्यावर हमखास ऐकू येतं, "आपल्या टॅक्सच्या पैशावर खेळतात!" नाही हो. बीसीसीआय, म्हणजे हा संघ उतरवणारं क्रिकेट बोर्ड, ही तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली खासगी संस्था. कचेरी मात्र वानखेडेवर. केंद्राचं अनुदान ती घेत नाही, गल्ला भरतो तो मुख्यतः प्रक्षेपण हक्कांतून. खेळाडूच्या टोपीवरचं चिन्ह नीट पाहा: तिथे सिंहमुद्रा नाही, तारा आहे.

म्हणजे रान मोकळं? तसंही नाही. बोर्ड ‘राज्यसंस्था’, म्हणजे कायद्याच्या भाषेत सरकारचा भाग, नसलं तरी त्याचं काम सार्वजनिक आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट, म्हणजे घटनेनुसार दाद मागणारी याचिका, चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. वानखेडेखालची जमीनही सरकारी भाडेपट्ट्याचीच. आणि पाकिस्तानशी मालिका खेळायची की नाही, हे शेवटी दिल्लीच ठरवते.