पहिल्या धारेत नेमके काय असते?

आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांची मुलगी नोकरीनिमित्त सर्बियात राहते. तिने वडिलांना पाठवलेली एक चित्रफीत गेल्या आठवड्यात कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर सर्वांनी पाहिली. घरमालकाच्या अंगणात चुलीवर तांब्याची डेग चढवलेली आहे, एक शेजारी लाकडे सारतो आहे, दुसरा आंबलेल्या प्लमचा लगदा बादलीने ओततो आहे आणि थंड पाण्याच्या पिंपातून निघालेल्या नळीपाशी एक आजोबा पेला धरून बसले आहेत. पहिला पेला भरताच त्यांनी तो हुंगला आणि सरळ मातीत ओतून दिला. ही तिकडची श्लिवोवित्सा, म्हणजे प्लमची ब्रँडी. ती करण्याचे ज्ञान आणि तिच्याभोवतीच्या प्रथा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. कट्ट्यावर मात्र एकमुखाने निर्णय झाला : ‘‘पहिल्या धारेत विषारी मिथेनॉल असते. ते ६५ अंशांना उकळते, दारू ७८ला. म्हणून ते आधी निघून जाते.’’

शाळेतल्या रसायनशास्त्राला धरून असलेला हा तर्क चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे पाहण्यासारखे आहे.

मुळात फळांच्या दारूत मिथेनॉल येते कुठून? यीस्ट साखरेचे इथेनॉल, म्हणजे दारूतले नेहमीचे अल्कोहोल, आणि कार्बन डायऑक्साइड करते. मिथेनॉल त्या साखरेतून येत नाही. ते येते पेक्टिनमधून. पेरूची जेली वडीसारखी थरथरत उभी राहते ती ज्या पदार्थामुळे, तोच हा पेक्टिन. त्याच्या लांब साखळीला जागोजागी मिथाइल गट लटकलेले असतात आणि फळातीलच एक विकर (एन्झाइम) ते तोडून मिथेनॉल मोकळे करते. त्यामुळे फळांच्या ताज्या रसातही ते किंचित असतेच. युरोपीय संघाच्या नियमांनुसार द्राक्षाच्या ब्रँडीत दर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे २०० ग्रॅम मिथेनॉल चालते, तर प्लमच्या ब्रँडीत १२०० ग्रॅम.

आता डेगेत डोकावू. मिश्रणातला प्रत्येक घटक आपापल्या उत्कलनबिंदूची वाट पाहत रांगेत उभा असतो, ही कल्पना आधी सोडून द्यावी लागते. दहा टक्के अल्कोहोल असलेला रस सुमारे ९२-९३ अंशांना एकत्रच उकळतो आणि त्याच्या वाफेत सर्वच घटक कमीअधिक प्रमाणात असतात. कोण किती निघेल हे त्या रेणूला शेजारी कोण मिळाला यावरही ठरते. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी हात मिळवते, पण दोन कार्बनांची शेपटी पाण्याला नकोशी असते. चहूकडे पाणीच पाणी असले की तो जणू बाहेर ढकलला जातो. मिथेनॉलला एकच कार्बन, शेपटी नाहीच म्हणायची, त्यामुळे ते पाण्यात सुखाने नांदते. परिणामी भरपूर पाण्यात विरळ असताना इथेनॉलची बाष्परूप होण्याची ओढ पाण्याच्या सुमारे बारापट, तर मिथेनॉलची सात-आठपटच भरते. म्हणजे एकटे असताना आधी उकळणारे मिथेनॉल पाण्याच्या संगतीत मागे रेंगाळते! मिश्रणात अल्कोहोल वाढत गेले की हे अंतर मिटते, आणि अल्कोहोलचेच प्राबल्य झाले की ते उलटतेही. पण साध्या डेगेत मिथेनॉल पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत सर्वत्र येत राहते. पेलाभर ओतून दिल्याने ते जात नाही.

मग आजोबांनी काय फेकले? मुख्यतः अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट. पाण्यात विरळ असताना यांची बाष्परूप होण्याची ओढ अल्कोहोलपेक्षाही खूप जास्त असते, म्हणून ते आरंभीच उसळून बाहेर पडतात आणि धारेला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा झणझणीत वास देतात. आजोबांचे नाक बरोबर होते. चुकले ते आमच्या कट्ट्याचे स्पष्टीकरण. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची फुशारकी मारतात ती कडक असते हेही खरे, कारण दहा टक्क्यांच्या रसातून निघणाऱ्या पहिल्या वाफेत अल्कोहोल पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. कडक म्हणजे शुद्ध, हे मात्र कुणी ठरवले कोण जाणे. तीच गत काडी लावून निळी ज्योत पाहण्याच्या ‘परीक्षे’ची : मिथेनॉलही निळेच जळते.

सासवडच्या अंजिरांवर हा प्रयोग करू, असा एक उत्साही प्रस्ताव आलाच. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे, एवढे सांगून तो मी तिथेच मिटवला.

२०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभरहून अधिक बळी गेले, ते फळांतल्या मिथेनॉलने नव्हे, तर औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. यकृतातील एक विकर मिथेनॉलचे फॉर्मल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. पण या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल अधिक प्रिय असते. युरोपीय मर्यादेतल्या प्लमच्या ब्रँडीत मिथेनॉलच्या साठपटीहून जास्त इथेनॉल असते. विकर त्यातच गुंतून राहते आणि दरम्यान बरेचसे मिथेनॉल श्वासावाटे व मूत्रावाटे निघून जाते. फोमेपिझोल हे औषध हाताशी नसेल, तर मिथेनॉलबाधेच्या रुग्णाला डॉक्टर मोजून इथेनॉलच देतात, ते याच कारणाने.